पावडरीची आंघोळ

‘ऊन खातं गं ठमे, ऊन खातं. कागद सरळ कर बघू.’

आत्याचा आवाज. तीस वर्षांपूर्वीचा, पडद्यांच्या दुकानातला, शिलाई मशीनच्या खडखडाटावर पाण्यावर तेल तरंगावं तसा तरंगणारा. दुकानाच्या काचेला लागून कापडाचे तागे उभे असत, आणि प्रत्येक ताग्याला खाकी कागदाचं आवरण असे, कारण दुपारी दोन ते चार काचेतून ऊन आत यायचं आणि कापडाचा रंग खायचं. ऊन कसं खाईल, त्याला तोंड कुठंय, असं लहानग्या ठमीनं विचारलं की आत्या मशीनवरचा पाय न थांबवता गुणगुणायची, ‘ऊन आलं दारी, बस म्हटलं त्याला, जाताना त्यानं माझा रंग नेला.’ असली जोडाजोड आत्याला कधीही सुचे. सुई ओवताना, दूध उतू जाताना, कुणाशी भांडण झाल्यावर तर हमखास. आणि आज, बुधवारी संध्याकाळी साडेपाचला, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात सिलिंडरच्या गोल मुठीवर हात ठेवून उभी असताना तिला तो आवाज इतका स्वच्छ ऐकू आला, की तिनं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. यंत्राचा पंखा घरघरत होता. आणि मूठ फिरत नव्हती.

रोज संध्याकाळी ती मूठ उजवीकडे अडीच वेढे फिरायची, आणि मग हाताला एक बोथट नकार मिळायचा. झालं, बंद. त्या नकाराची हाताला इतकी सवय झाली होती की डोळे दुसरीकडे आणि मन तिसरीकडे असलं तरी चालायचं. आज पहिल्याच जोराला नकार. म्हणजे सिलिंडर आधीच बंद होता. तिनं पुन्हा दाबून बघितलं, मग खात्री करायला डावीकडे थोडी सैल केली, दाबमापकाचा काटा थरथरत वर गेला, आणि घाईनं पुन्हा बंद केली. आणि हे करायला नको होतं, कारण त्यानंतर हाताला नक्की काय आठवतंय ते सांगता येईना. आधी बंद होता, की आताच आपण बंद केला? काट्याकडे बघून काही कळण्याची सोय आता उरली नव्हती. उंबऱ्यावर उमटलेलं पाऊल बघायला जावं आणि त्यावर आपलंच पाऊल पडावं, तसं झालं. तिनं तळहात उघडून बघितला. तळहातावर मुठीच्या खाचा उमटल्या होत्या, पण त्या पहिल्या जोराच्या की दुसऱ्या, हे तळहात थोडाच सांगणार.

काम सांगायला सोपं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, पाहुण्यांना दोन दमात सांगत. धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, ग्राफीनच्या काळ्या पावडरीवर सोडायचा, वरून प्रकाश पाडायचा. पावडर त्या प्रकाशाच्या बळावर त्याचं परत इंधन करते. ‘राखेचं लाकूड करतो आम्ही,’ असं म्हणून सर थांबत, आणि पाहुणे ‘वा’ म्हणत. प्रत्यक्षात ऊन खोटं होतं, एका मोठ्या दिव्याचं. भांडं ओंजळीत मावेल एवढं. रोज सकाळी त्यात आधी आरगॉन सोडायचा. आरगॉन म्हणजे वायूंमधला आळशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याच्याकडून काहीच घडत नाही, म्हणून हवा हाकलून लावायला बरा. मग सिलिंडर उघडून दहा मिनिटं कार्बन डायऑक्साइड भरायचा, पाण्याचे चार थेंब, तोंड बंद, दिवा चालू. सहा तासांनी भांड्यातला सुईभर वायू ओढून यंत्राला द्यायचा. यंत्र सपाट रेघ काढत जातं, काढत जातं, आणि बरोबर साडेतीन मिनिटांनी त्या रेघेतून एक सुळका उभा राहतो. मिथेन. शेगडीत जळेल असा वायू. तीन वर्षं ती त्या सुळक्याकडे, झोपलेल्या बाळाच्या छातीकडे बघावं तशी, वरखाली होतोय ना एवढं बघत आली होती. आजच्या कागदावरही साडेतीन मिनिटांनी सुळका होता. रोजच्याइतकाच. मग सिलिंडर सकाळपासूनच बंद असेल, तर भांड्यात दिवसभर नुसता आळशी आरगॉनच होता. त्याच्यातून इंधन कुठून आलं?

सकाळ आठवायची म्हटलं तर सकाळचे तुकडे सापडत होते, सकाळ सापडत नव्हती. आरगॉन सोडला, हे नक्की. मग शेजारीणबाईंचा फोन. ‘अहो, तुमच्या आत्या जिन्यात बसल्यात. आत चला म्हटलं तर म्हणतायत, दुकान उघडल्याशिवाय हलणार नाही.’ फोन कानाशी धरून ती आत्याशी बोलली होती, आत्या फोनवर तिला ‘मालक’ म्हणत होती, आणि बोलता बोलता तिनं डाव्या हातानं भिंतीवरची छोटी तोटी वळवली होती. भिंतीवरची तोटी वळवली, हे आठवतं. त्याआधी सिलिंडरची मूठ उघडली का? बाहेर जाणाऱ्या नळीच्या टोकाला पाण्याची बाटली असते, वायू वाहत असला की तिच्यात बुडबुडे येतात. बुडबुडे बघितले का? बुडबुडे तिला दिसत होते, डोळे मिटले की भरभरून दिसत होते, पण ते कालचे असतील, परवाचे असतील, तीन वर्षांतल्या कुठल्याही सकाळचे असतील. रोजच्या गोष्टीची आठवण अशी फसवी. ती गोष्ट घडली नाही त्या दिवशीसुद्धा ती घडल्याचं आठवतं.

घरी जाताना ती एक थांबा पुढे गेली. उलट चालत आली. आत्या खिडकीशी बसून, हातात कापड नसताना, मांडीवर चिमटीनं चिमटीनं दुमड घालत होती. ‘आलीस ठमे? आज उशीर.’ उशीर झाला नव्हता. आत्याला भाकर भरवताना, तोंड पुसताना, औषधाची गोळी पाण्यात विरघळताना बघताना तिच्या मनात एकच चाललं होतं: कुणाला विचारावं. आणि विचारायला जी माणसं होती, त्यांना विचारणं म्हणजेच सांगणं होतं.

गुरुवारी मास्तर आले. मास्तर म्हणजे तिच्या हाताखाली डॉक्टरेट करणारा विद्यार्थी. वयानं तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. दुसऱ्या गावी शाळेत विज्ञान शिकवायचे. बेचाळिसाव्या वर्षी शिक्षण पुरं करायची उबळ आली, म्हणून बिनपगारी रजा घेऊन इथं एका खोलीत राहिले. बायको आणि दोन मुली तिकडेच. शाळेनं जागा या महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. प्रबंध दाखल झाल्याचा कागद नेला तर मुख्याध्यापकपद, नाहीतर आधीचीही जागा जाणार. हे त्यांनी कधी रडगाणं करून सांगितलं नव्हतं. ते सगळंच फळ्यावर लिहिल्यासारखं सांगत, आणि शेवटी जुन्या सवयीनं म्हणत, ‘कळलं का?’ मग स्वतःच ओशाळत.

‘मॅडम, पाचवा अध्याय वाचलात ना? सोमवारी अकराला सरांच्या खोलीत सह्या. बाइंडिंगवाला म्हणतो, निळं कव्हर संपलंय, तपकिरी चालेल का. म्हटलं, बाबा, गुलाबी लाव, पण सोमवारी दे. कळलं का? सॉरी, म्हणजे… वाचलात ना?’

‘वाचतेय,’ ती म्हणाली.

‘माझी धाकटी विचारत होती, बाबा, तुमच्या पुस्तकात गोष्ट आहे का. म्हटलं आहे की. एक पावडर असते, ती दमते, मग ती माहेरी जाते.’

ती हसली. हसणं ओठांवर आलं आणि तिथंच वाळलं.

कारण माहेरची ती गोष्ट तिची होती. पहिल्या वर्षी पावडर दमायची. चार-पाच दिवस बरी चालली की सुळका खुजा व्हायचा, मग नुसतं टेंगूळ उरायचं. सर वैतागले होते, मास्तर तर रोज नवी पावडर करून करून काळेठिक्कर पडले होते. एका शुक्रवारी तिनं, काहीतरी करायचं म्हणून, ती दमलेली पावडर अल्कोहोलमध्ये बुडवली, खळखळून धुतली, कोमट कपाटात वाळवली. सोमवारी सुळका असा उठला की कागदाची वरची कड ओलांडून गेला. मास्तर टाळी वाजवून म्हणाले होते, ‘आंघोळ करून, डोक्यावरून पाणी घेऊन, माहेरी चार दिवस राहून आल्यासारखी टवटवीत झाली की हो!’ तेव्हापासून दर सहाव्या दिवशी वहीत लिहिलं जाई: पावडर माहेरी. सर म्हणाले, ‘निसर्गाला जे जमायला कोट्यवधी वर्षं लागली, ते आपल्याला एका आंघोळीत जमलं.’ लेखात त्याला भारदस्त नाव मिळालं, पुनरुज्जीवन, पण खोलीत सगळे ‘मॅडमची आंघोळ’च म्हणत. तिला ते आवडे. आयुष्यात आपल्या नावाची एवढी एकच गोष्ट, आणि ती आंघोळ, असं ती आत्याला सांगायची. आत्या म्हणायची, ‘मग काय वाईट? माझ्या नावानं तर एक शिवण पण नाही.’

आरगॉनची परीक्षा त्यांनी केली नव्हती असं नाही. केली होती. अगदी सुरुवातीला, ताज्या पावडरीवर, नुसता आरगॉन भरून. सुळका आला नव्हता. वहीत बरोबरची खूण झाली. आंघोळ त्यानंतर चार महिन्यांनी आली. आणि आंघोळीनंतर ती परीक्षा पुन्हा करावी असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण खूण झालेली होती. एकदा खूण झाली की माणूस तिकडे बघत नाही. ओळखीच्या रस्त्यावरची पाटी वाचतो का कुणी?

शुक्रवारी तिनं सुरक्षा कर्मचाऱ्याला गाठलं. तो अधूनमधून, वाराचा नेम नसताना, दुपारी दोनला मजल्यामजल्यावरून फिरायचा, गळती बघायचा, कुठं सिलिंडर उघडा राहिला असेल तर बंद करायचा.

‘परवा, बुधवारी, आमचा सिलिंडर तुम्ही बंद केलात का?’

‘बुधवारी? केला असेल की.’

‘असेल म्हणजे?’

‘उघडा असला तर बंद केला असणार, मॅडम. बंद असला तर कशाला बंद करीन?’

‘पण उघडा होता का?’

‘ते तुम्ही सांगा. उघडायचं काम तुमचं, बंद करायचं आमचं,’ तो म्हणाला, आणि आपण काहीतरी झकास बोललो अशा खुशीत किल्ल्या वाजवत निघून गेला.

तिला तेवढं पुरलं. एकदम छाती हलकी झाली. सकाळी आपण उघडला, दहा मिनिटं भरला, रोजच्यासारखा संध्याकाळपर्यंत उघडा ठेवला, दोनला यानं बंद केला. किती साधं. किती नीटनेटकं. ती खोलीत येऊन चहा प्यायली, चहात साखर नव्हती तरी गोड लागला, आणि पाचव्या अध्यायाची चार पानं सपासप वाचून काढली. पाचव्या पानावर मास्तरांनी काढलेली आकृती होती: ग्राफीनचे पापुद्रे, एकावर एक, कपाटातल्या घड्यांसारखे, आणि त्यांच्यामध्ये अल्कोहोलचे ठिपके, बाणानं बाहेर जाताना दाखवलेले. ‘वाळवताना अल्कोहोल पूर्ण निघून जातो,’ खाली लिहिलं होतं. ती त्या बाणाकडे बघत राहिली. पूर्ण. हे आपण कधी मोजलं? घड्यांमध्ये ओल राहते हे तर कपाट उघडणाऱ्या कुणालाही ठाऊक. समजा, तो निघून जातच नाही. समजा, पापुद्र्यांत मुरून बसतो, आणि दिवा लागला की प्रकाश त्यालाच खातो. मग मिथेन त्या अल्कोहोलचं. मग आंघोळ सुरू झाल्यापासून पावडर दमत नव्हती. तिची शिदोरी संपत होती. आणि दर सहाव्या दिवशी, माहेर माहेर करत, आपण तिची शिदोरी भरत होतो. तेव्हापासून राखेचं लाकूड झालंच नाही, आपण मागच्या दारानं लाकूड आणून ठेवत होतो. ऊन खातं गं ठमे. बुधवारी तो आवाज का आला, ते तिला आत्ता कळलं, आणि कळलं ते नको होतं म्हणून तिनं ते लगेच पुन्हा घडी घालून ठेवलं. तो म्हणाला ना, केला असेल. असेलच.

पण असेल आणि आहे यांच्यामध्ये माणसाला झोप लागत नाही. शनिवारी सुट्टी. ती आत्याला शेजारीणबाईंकडे सोडून सकाळी आठला आली. इमारतीत तिच्याच पावलांचा आवाज तिच्या पुढे पुढे चालत होता. सिलिंडरकडे तिनं पाठ केली. त्याची मूठ तिनं आधीच दोरीनं बांधून टाकली होती, स्वतःच्या हाताचा भरवसा नाही म्हणून, आणि बांधताना तिला स्वतःचीच कीव आली. आरगॉन सोडला. अर्ध्या तासाऐवजी तासभर. आंघोळ करून आलेली पावडर, पाण्याचे चार थेंब, दिवा. सहा तास तिनं काहीच केलं नाही. खोट्या उन्हाची एक चकती भिंतीवर पडली होती, ती दिवसभर तसूभरही हलली नाही. खरं ऊन दुपारी तिच्याजवळून सरकत गेलं, टेबलावर चढलं, उतरलं. आपल्याला नक्की काय हवंय, तेही तिला उमगेना. सुळका आला नाही तर बरं, हे खरं. पण आला नाही तर बुधवार तसाच मुठीत अडकलेला राहणार, आयुष्यभर. आणि आला तर? तीन वाजता तिनं सुई लावली. रेघ सपाट निघाली. एक मिनिट. दोन. तिला वाटलं, ही रेघ अशीच सपाट राहावी, भिंतीपर्यंत जावी, भिंतीतून पलीकडे जावी. तीन. मग रेघेनं मान वर केली.

सुळका रोजच्याइतकाच होता. केसाएवढा खुजा असेल. म्हणजे तो केस तेवढा खरा, तिच्या मनात आलं; तेवढा कार्बन डायऑक्साइडचा; तीन वर्षांत केसाएवढं खरं. की तेही नाही? तिनं यंत्रातून कागद फाडून घेतला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये आत्याच्या औषधांच्या चिठ्ठीत खुपसला. कुणाला सांगायचं, या प्रश्नाच्या जागी आता दुसराच बसला होता, आणि तो जास्त लबाड होता: कशाला सांगायचं? मास्तर जातील शाळेत. मुख्याध्यापक होतील. मुलांना शिकवतील, कळलं का म्हणतील. ती पावडर नंतर कोण बघतंय. पुढच्या वर्षी आपणच हळूच दुसरा लेख लिहू, अधिक अभ्यास करता असं दिसून आलं की, वगैरे. दिसून आलं की. कुणाला दिसलं, कधी दिसलं, ते त्या वाक्यात कुठं असतं?

रविवारी दुपारी आत्या शुद्धीत होती. म्हणजे तिला आज रविवार आहे हे ठाऊक होतं आणि ती कुणाला मालक म्हणत नव्हती. खिडकीतून ऊन येत होतं आणि आत्यानं सवयीनं पदर गुडघ्यांवरून मागे ओढून घेतला होता, रंग जाऊ नये म्हणून. तिला वाटलं, आधी इथून सुरू करावं. एक कबूल करता आलं की दुसरं जमेल. तीस वर्षं घशात बसलेली गोष्ट: नाट्यगृहाच्या पडद्याचं ते मखमली कापड, डाळिंबी, भारीतलं, काचेजवळ उभं करून ठेवलेलं. लांब सुट्टीसाठी दुकान बंद व्हायच्या आदल्या दिवशी ताग्यावरचा खाकी कागद गायब. पंधरा दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा ताग्यावर वरपासून खालपर्यंत एक फिका पट्टा, जळल्यासारखा. मालकानं विचारलं, कागद कुणी काढला? आत्या म्हणाली, ‘मी. विसरले लावायला.’ मालक ओरडला नाही. त्यानं फक्त हात पुढे केला, आणि आत्यानं कापायची मोठी कात्री त्याच्या हातात दिली. त्यानंतर आत्यानं कधी कापड कापलं नाही. जन्मभर दुसऱ्यानं कापलेल्याला दुमड घालत राहिली. आणि ती दहा वर्षांची, कोपऱ्यात, दप्तरात तो खाकी कागद, त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काढलेला घोडा. ती बोलली नाही.

‘आत्या, तुला ते डाळिंबी मखमल आठवतं?’

‘न आठवायला काय झालं? फुकट गेलं ते.’

‘त्याचा कागद मी काढला होता.’

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं, जसं आपल्या ताटातला घास उचलणाऱ्याकडे बघावं. ‘तू? तू कशाला काढशील? मी काढला. माप आखायला हवा होता मला.’

‘नाही गं. मी चित्र काढायला नेला. घोडा काढला होता त्याच्यावर.’

‘घोडा मीच काढला.’

‘आत्या, तुला घोडा काढता येतो?’

‘येतो की. आण कागद.’

तिनं पर्समध्ये हात घातला, हाताला आला तो कागद दिला, आणि दिल्यावर बघितलं तर तो शनिवारचा आलेख. आत्यानं तो उलटा करून मांडीवर सरळ केला, चारही घड्या तळहातानं मोडल्या, आणि पेननं एका दमात घोडा काढला. बाकासारखी पाठ, चार काठ्यांचे पाय, शेपूट मात्र झोकदार. ‘हा बघ. तेव्हाही असाच होता.’

ती बघत राहिली. तिच्या घोड्याची पाठही बाकासारखी होती का? शेपूट? तिनं आठवायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांसमोर आत्ताचा, आत्याचाच घोडा आला, खाकी कागदावर जाऊन उभा राहिला, आणि तिथून हलेना. दप्तरातला कागद आठवत होता, पेन्सिलीचा वास आठवत होता, पण तो घोडा आता तिचा राहिला नव्हता.

‘आत्या, माझ्यामुळं तुझी कात्री गेली.’

‘गेली तर गेली. माझी होती, माझ्या चुकीनं गेली.’ आत्याचा आवाज चढला. ‘तीस वर्षं मी ती चूक सांभाळली. आता तू येऊन म्हणतेस माझी? माझ्या नावावर दुसरं आहे काय? उगाच माझी चूक घेऊ नकोस ठमे.’ आणि मग, राग आला त्याहून लवकर ओसरला, आत्या कागदावर बोट फिरवत गुणगुणली, ‘दुमड दुमड घालू, आत काय ठेवू, आपलंच झाकलेलं, आपणच भिऊ.’ नवीन होती ही. की जुनीच, तिनं आधी न ऐकलेली? आत्याला विचारलं तर आत्या म्हणाली, ‘कुठली?’

रात्रभर तिला एकच गोष्ट छळत होती, आणि ती मखमल नव्हती. आत्याला ठाऊक होतं का? ठाऊक असून तिनं चूक अंगावर घेतली आणि वागवता वागवता ती तिच्या अंगाची झाली? की कागद खरंच आत्यानंच काढला होता, आणि आपण टाकलेला तुकडा उचलून दप्तरात घातला, आणि दहा वर्षांच्या भित्र्या डोक्यानं बाकीचं शिवलं? आता कुणाला विचारणार? मालक गेला, दुकान गेलं. सांगायची वेळ एक असते. ती टळली की सांगायला गेलेला माणूस दारातच उभा राहतो, आत कुणी घेत नाही, आणि थोड्या वेळानं त्यालाही वाटायला लागतं की आपण पत्ता चुकलो. अजून हाताला मुठीचा तो पहिला नकार आठवत होता, बारीक, पुसट, पण आठवत होता. अजून किती दिवस आठवेल?

सोमवारी अकरा वाजता सरांच्या खोलीत तपकिरी कव्हरच्या पाच प्रती एकावर एक ठेवल्या होत्या. नव्या गोंदाचा वास येत होता. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि खिशाशी खडूचा पांढरा डाग होता. तीन वर्षं फळ्याला हात लावायला न मिळालेल्या माणसाच्या खिशात खडू कशाला, कुणास ठाऊक.

‘या, या मॅडम,’ सर म्हणाले. ‘मास्तर काल रात्रीपासून दारात बसलेत असं शिपाई सांगतो. मी सही केली. आता तुमची झाली की हे आमच्या तावडीतून सुटले. मास्तर, पेढे नकोत, कामाचं काही द्या. एक छडी द्या. पुढच्या विद्यार्थ्यांना लागेल.’

‘छडी आता बंद झाली, सर,’ मास्तर हसले. ‘आता नुसतं विचारायचं, कळलं का.’

तिनं पेन घेतलं. पहिल्या पानावर चार ओळी होत्या: माझ्या माहितीनुसार यातील निष्कर्ष खरे व तपासलेले आहेत. माझ्या माहितीनुसार. किती ऐसपैस शब्द, त्यात मावणार नाही असं काही नव्हतं. तिनं पेनचं टोक कागदावर टेकवलं आणि एक ठिपका पडला. तो ठिपका मोठा होत गेला. पंख्याच्या वाऱ्यानं पान उचललं जाऊ नये म्हणून मास्तरांनी पलीकडून कडेवर बोट धरलं, अगदी हलकं, बाळाच्या कपाळावर ठेवावं तसं. तिनं त्या बोटाकडे बघितलं. मग तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

‘कागद मी काढला होता.’

‘कुठला कागद, मॅडम?’ मास्तर म्हणाले.

सर हसायला लागले होते, ते थांबले. तिनं पेन खाली ठेवलं. पर्समधून शनिवारचा आलेख काढून टेबलावर पसरला. तो उलटा पडला. वर घोडा आला. तिनं तो सुलटा केला.

‘बुधवारी सिलिंडर बंद होता,’ ती म्हणाली. ‘मी हात लावला तेव्हा बंदच होता. तरी मिथेन आलं.’

‘अहो, तो सुरक्षावाला करतो ना बंद, दुपारी,’ सर लगेच म्हणाले. ‘घाबरवलंत की.’

‘मलाही तसंच वाटलं. म्हणून शनिवारी मी मूठ बांधून ठेवली. नुसता आरगॉन भरला. हा तो कागद. साडेतीन मिनिटांवर बघा.’

सर बघत राहिले. मास्तरांनी बघितलं नाही. ते तिच्याकडे बघत होते, फळ्याशी उभ्या राहिलेल्या आणि उत्तर येत असून न देणाऱ्या मुलाकडे बघावं तसे, न रागावता.

‘आंघोळीतला अल्कोहोल,’ ती म्हणाली. ‘तो आत राहतो. प्रकाश त्याला खातो. आपण रोज त्याचंच मिथेन मोजलं. आंघोळ माझी होती, मास्तर. तुमचा अख्खा पाचवा अध्याय तिच्यावर आहे. ही चूक तुमची म्हणून कुठं लागू देऊ नका. कुणी विचारलं तरी.’

मास्तरांचं बोट अजून पानाच्या कडेवर होतं. त्यांनी ते उचललं, आणि पान पंख्याच्या वाऱ्यानं उठून मिटलं.

‘तुम्हाला कधी कळलं?’ त्यांनी विचारलं.

शनिवार, असं म्हणता आलं असतं. कागदावर शनिवारचीच तारीख होती. शनिवारआधी नक्की असं काही नव्हतंच; संशय म्हणजे काही कळणं नव्हे, हे सरांनीही मान्य केलं असतं. तिनं उजवा हात टेबलाखाली मिटला. मूठ पहिल्याच जोराला अडली.

‘बुधवारी,’ ती म्हणाली. ‘गुरुवारी तुम्ही धाकटीची गोष्ट सांगितलीत ना, तेव्हा मला ठाऊक होतं.’